इंग्रजीचा धडा : पेथॉस आणि बेथॉस



इंग्रजीतले हे दोन शब्द जुळ्या भावांसारखे आहेत. दोन्ही ग्रीक भाषेतून आलेले, फरक फक्त पहिल्या अक्षराचा. पण परीक्षेत एकाच्या जागी दुसरा लिहिला, तर स्तुतीची निंदा होते.

पेथॉसचा मूळ अर्थ दुःख, भोगलेली वेदना. लेखनातला जो गुण वाचकाच्या मनात करुणा जागवतो, तो पेथॉस. हिंदीच्या तासाला तुम्ही करुण रस शिकता, ज्याचा स्थायी भाव शोक. हा त्याच्या जवळचा. ‘सिम्पथी’ हा शब्दही याच मुळाचा. मात्र ‘पथेटिक’ जपून वापरा. आज बोलताना त्याचा अर्थ बहुधा ‘अगदी टाकाऊ’ असा घेतला जातो.

बेथॉसचा मूळ अर्थ खोली. उदात्त लेखनावर एक प्राचीन ग्रीक ग्रंथ आहे. त्याची नक्कल करून इंग्रज कवी अलेक्झांडर पोप यांनी १७२८ साली एक विनोदी निबंध छापला. उंच उडायला जाऊन खोल बुडणाऱ्या कवींची त्यात थट्टा होती. तेव्हापासून भव्यतेवरून एकदम क्षुल्लकावर घसरणे म्हणजे बेथॉस.

उदाहरण पाहा. सरांच्या निरोप समारंभात एक मुलगा म्हणतो, “सर, आपल्या जाण्याने आकाश कोसळले, धरती दुभंगली आणि गणिताचा तास रिकामा गेला.” सभागृह हसेल. हा बेथॉस. दुसरा म्हणतो, “सर, उद्यापासून गणिताच्या तासाला आम्ही दाराकडे पाहू आणि दुसरेच कोणी आत येईल.” येथे एकही मोठा शब्द नाही, तरी गळा दाटतो. हा पेथॉस.

विनोदी लेखक बेथॉस मुद्दाम वापरतात. ती त्यांची कला आहे. पण शोकसभेत तो नकळत आला, तर ज्यांच्या घरी दुःख आहे त्यांना आपली थट्टा झाल्यासारखे वाटते. म्हणून हा फरक केवळ दोन गुणांचा नाही.

पालकांनाही एक विनंती. मुलांचे भाषण तपासताना त्यात भारी विशेषणे घालू नका. “तुला त्यांचे काय आठवते?” एवढेच विचारा. मूल जे सांगेल, तेच लिहू द्या.

अभ्यास : आपल्या आजी-आजोबांविषयी पाच वाक्ये इंग्रजीत लिहा. विशेषण एकही नको.