आमवाताची औषधे आणि फ्ल्यूचा ताप

पावसाळा सुरू झाला की घरोघरी सर्दी-खोकल्याची ये-जा सुरू होते. त्यांतील काही ताप इन्फ्ल्यूएंझाचे, म्हणजे फ्ल्यूचे असतात. धडधाकट माणूस बहुधा आठवडाभरात बरा होतो. आमवाताचे औषध घेणाऱ्या रुग्णाची गोष्ट निराळी आहे.

आमवात म्हणजे सांध्यांची झीज नव्हे. या रोगात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. म्हणून तिला लगाम घालणारी औषधे द्यावी लागतात. १९४८ मध्ये अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्टिसोन प्रथम वापरले, तेव्हा जखडलेली एक रुग्ण स्त्री थोड्याच दिवसांत चालू लागली. आजचे प्रेडनिसोलोन त्याच कुळातले. आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे मेथोट्रेक्सेट हे दुसरे प्रमुख औषध. परंतु हा लगाम सांध्यांपुरता राहत नाही. फ्ल्यूच्या विषाणूंचा प्रतिकारही मंदावतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. शिवाय प्रेडनिसोलोनमुळे ताप फारसा चढतही नाही. अंगाला हात लावून ताप ठरविणारे घर येथे हमखास फसते. धाप लागणे, गळून जाणे, खोकला वाढणे याच खुणा मानाव्यात.

अशा वेळी डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे. ओसेल्टामिविर हे फ्ल्यूवरील औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरते. जाताना चालू औषधांची चिठ्ठी बरोबर न्यावी. हे सांगणे क्षुल्लक वाटेल, पण तेच बहुधा राहून जाते. खोकल्यासाठी दुकानातून परस्पर घेतलेले को-ट्रायमॉक्साझोल मेथोट्रेक्सेटबरोबर पोटात गेल्यास अस्थिमज्जेतील रक्तनिर्मितीच खुंटू शकते.

भीतीपोटी स्वतःहून औषधे सोडणे हीदेखील तितकीच घोडचूक होय. दीर्घकाळ घेतलेले प्रेडनिसोलोन एकाएकी थांबविल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतते. मेथोट्रेक्सेटचा एखादा डोस आजारपणात पुढे ढकलावा लागतो, मात्र तो निर्णय डॉक्टरांचा.

फ्ल्यूची लस दरवर्षी, शक्यतो पावसाळ्यापूर्वी घ्यावी. ती मृत विषाणूंपासून केलेली, सुईवाटे देण्याची असावी. नाकात फवारण्याची जिवंत लस या रुग्णांना वर्ज्य आहे. लस टोचल्यानंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबविल्यास लसीचा गुण अधिक येतो, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरियातील अभ्यासात आढळले. सांधे शांत असतील तर डॉक्टर तशी सवलत देतात. घरातील इतरांनीही लस टोचून घेतल्यास विषाणू उंबऱ्याआत येण्याचा संभव कमी होतो.