मरुभूमीची वाट : पाणलोट व त्याची नोंद

राजस्थानांत जोधपुराहून जैसलमेरास जाणारा मोटारीचा रस्ता सुमारें २८५ किलोमीटरांचा आहे. जोधपुरास वर्षाकाठीं सरासरी १४ इंच पाऊस पडतो. पश्चिमेकडे तो घटत जाऊन जैसलमेरास ८ इंचांच्या आसपासच भरतो. माण-खटावकडील शेतकरी ज्यास दुष्काळ म्हणेल, त्याहूनही थोड्या पावसावर हीं गांवें शतकानुशतकें नांदत आलीं. तीं कशाच्या बळावर तगलीं, हें कोरडवाहू शेतकऱ्यानें समजून घेण्यासारखें आहे.

झाड. बाजरी, मूग, मटकी व गवार यांच्या शेतांत ठिकठिकाणीं खेजडीचीं झाडें राखलेलीं दिसतात. खेजडी म्हणजे आपली शमी अथवा सौंदड. तिची सावली विरळ असल्यानें पीक मारलें जात नाहीं. पाला शेळ्या-उंटांस चालतो आणि कोंवळ्या शेंगांची भाजी होते. हींच झाडें वांचविण्यासाठीं १७३० सालीं जोधपूरजवळील खेजडली गांवीं अमृतादेवीसह ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुषांनीं प्राण दिले.

टांकें. तेथील लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात : पावसाचें तें पालर, वाळूंत मुरून खालच्या खडीच्या थरावर अडलेलें तें रेजाणी, आणि खोल विहिरीचें तें पाताळपाणी. शेवटचें बहुधा खारें. म्हणून पहिल्या दोहोंवर भिस्त. घराजवळ जमिनींत टांकें बांधून भोंवतालची जागा चोपून उतरती करतात. या जागेस आगोर म्हणतात. १०० चौरस मीटर आगोरावर ४ इंच पाऊस पडला म्हणजे सुमारें १०,००० लिटर पाणी पडतें. त्यांतील बरेंचसें टांक्यांत येतें.

खडीन. जैसलमेराकडे पालीवाल ब्राह्मणांनीं पंधराव्या शतकापासून वाढविलेली ही शेतीची रीत आहे. खडकाळ माळावरून वाहून येणारें पाणी सखल शेताच्या खालच्या अंगास मातीचा लांब बांध घालून अडवितात. जादा पाण्यास सांडवा ठेवतात. पाण्याबरोबर गाळही येऊन बसतो. उरलेलें पाणी हिवाळ्याच्या आरंभीं मोरीवाटे सोडून देतात आणि त्या ओलीवर गहूं-हरभरा पेरतात. पुढें पाणी द्यावें लागत नाहीं. पाणलोट शेताच्या दहा ते पंधरा पट असतो. हिशेब पाहा : १२ एकर माळावर २ इंच पाऊस पडून त्याचा चौथा हिस्साच वाहून आला, तरी एका एकरांत ६ इंच पाणी उभें राहतें. मात्र माळ नांगरला किंवा कोणी मध्येंच बांध घातला, कीं खालचें शेत बुडालें.

शहर. जैसलमेर ११५६ सालीं वसलें. पिवळ्या दगडाच्या या शहरास कित्येक शतकें गडीसर तलावानें पाणी पाजलें. चौदाव्या शतकांतील राजा गडसी याचें नांव त्यास आहे. त्याचें आगोर दूरवर पसरलेलें असे, व तें घाण होऊं नये म्हणून कडक निर्बंध पाळीत.

नोंद. तेथील गांवांची देवाच्या नांवें राखलेली चराऊ राने, म्हणजे ओरणें, आपल्या देवरायांसारखीं होत. तेथें गुरें चरतात, पण लाकूड तोडीत नाहींत. परंतु महसुली दप्तरांत पुष्कळ ओरणें ओरण म्हणून न चढतां सरकारी पडीक म्हणून राहिलीं. अलीकडे सौर व पवन विजेच्या प्रकल्पांस जमिनी हव्या झाल्या, तेव्हां अशा जमिनीही त्यांत जाऊं लागल्या व गांवकऱ्यांस अर्ज-मोर्चे करावे लागले. १८ डिसेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें राजस्थान सरकारास या देववनांची मोजणी व नोंद करण्यास सांगितलें. शतकांची वहिवाट खरी. पण ती कागदावर नसली, कीं पडीक ठरते.

वाचकांनीं यावरून तीन गोष्टी कराव्या. पहिली, आपल्या शेतांत पाणी कोठून येतें तें पावसांत फिरून पाहावें. दुसरी, गांवनकाशा काढून ओढा, गायरान व देवराई जागेवर ताडून घ्यावीं. अतिक्रमण असल्यास ग्रामसभेंत लेखी मांडावें. तिसरी, खाजगी जमिनींतील वाटेच्या व पाण्याच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्जांत आहेत कीं नाहीं हें तलाठ्याकडे पाहावें. बांध फुटला तर एका हंगामांत घालतां येतो. पाणलोट गेला तर परत मिळणें कठीण.