तालीम सातची, सुरुवात साडेआठची
प्रश्न : आमचा सहा मित्रांचा हौशी नाट्यगट आहे. तालमीचा निम्मा वेळ गप्पांत जातो. दिग्दर्शक म्हणून ओरडलो, तर मंडळी रुसतात. काय करू?

उत्तर : गप्पा तोडू नका, विनोदाच्या निम्म्या जागा तिथेच सापडतात. फक्त चहा तालमीनंतर ठेवा. सातला मोबाइल पिशवीत आणि हजर असतील त्यांच्यावर प्रवेश सुरू. गैरहजर नटाची वाक्यं प्रॉम्प्टरने वाचावीत. आपली वाक्यं दुसऱ्याच्या तोंडी ऐकली, की नट दुसऱ्या दिवशी पावणेसातलाच येतो, हा माझा अनुभव. ‘नोकरी सांभाळून करतो’ ही सबब तर ऐकूच नका. १९७२च्या ‘घाशीराम कोतवाल’ नाटकाचे दिग्दर्शक जब्बार पटेल आणि त्यात नानांची भूमिका करणारे मोहन आगाशे, दोघेही पेशाने डॉक्टर! घड्याळ दर आठवड्याला वेगळ्याच्या हाती द्या, म्हणजे रुसवा वाटला जाईल. आणि चहाचे पैसे उशिरा येणाऱ्याकडून.