लेकीची पाठवणी

(लग्नघरात हसू आणि आसू एकत्र नांदतात. वधूच्या वडिलांची ओढाताण दाखवणाऱ्या एका विनोदी चित्रपटाची ओळख या पाठात करून दिली आहे.)

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही जुनी म्हण आहे. ही दोन्ही कामे किती अवघड आहेत, हे ती केल्यावरच कळते. याच म्हणीवरून मास्टर विनायक यांच्या १९४० च्या मराठी चित्रपटाला ‘लग्न पहावे करून’ हे नाव मिळाले. चि. वि. जोशी यांचा चिमणराव त्यात बहिणीसाठी वर शोधतो आणि आपण पोट धरून हसतो.

१९५० साली अमेरिकेत ‘फादर ऑफ द ब्राइड’ म्हणजे ‘वधूपिता’ हा चित्रपट निघाला. स्पेन्सर ट्रेसी यांनी वडिलांची आणि एलिझाबेथ टेलर यांनी मुलीची भूमिका केली. मुलीचे लग्न ठरताच वडिलांची झोप उडते. जावई कसा असेल? पाहुणे किती येतील? खर्च तर वाढतच जातो. त्यातच जुना कोट अंगाला घट्ट होऊन उसवतो!

पण खरे दुःख खर्चाचे नसते. बोट धरून चालवलेली लेक आता स्वतःचे निर्णय घेते, हे त्यांना मान्य करायचे असते. लग्नाच्या गर्दीत तिला निरोप देण्याची त्यांची धडपड वाया जाते. पाहुणे जातात. घर सुने होते. तेवढ्यात फोन वाजतो. वडिलांचे आभार मानल्याशिवाय लेकीचा पाय पुढे पडत नाही.

आपल्या अर्जुनी मोरगावातही धान घरी आले की मांडव पडतात. सकाळपासून सर्वांवर ओरडणारे अब्बा पाठवणीच्या वेळी एकदम गप्प होतात. काही लोक मुलीला ‘परक्याचे धन’ म्हणतात. विद्यार्थ्यांनो, मुलगी धन नाही, माणूस आहे. म्हणूनच निकाहापूर्वी तिची संमती विचारतात. ती मनापासून विचारणाऱ्या वडिलांची लेक दूर गेली, तरी परकी होत नाही.

शब्दार्थ
पाठवणी – रुख़्सती
वर – दूल्हा
वधू – दुल्हन
मांडव – शामियाना
संमती – रज़ामंदी
पोट धरून हसणे – खूप हसणे

स्वाध्याय
१. चिमणराव कोणासाठी वर शोधतो?
२. वधूपित्याचे खरे दुःख कोणते?
३. ‘मुलगी परक्याचे धन नाही’ या विषयावर पाच वाक्ये लिहा.