घराची दुरुस्ती : आधी कोणती, आणि पैसा कोठून?

घर बांधतो तेव्हा आपण तरुण असतो. उंबरा उंच असला तरी पाय सहज पलीकडे पडतो. न्हाणी ओली असली तरी तोल सावरतो. पण घर तेच राहते आणि माणूस म्हातारे होते. मग तेच घर जड जाऊ लागते. म्हणून दुरुस्ती काढताना आधी स्वतःला विचारावे : सत्तराव्या, ऐंशीव्या वर्षी आपण या घरात कसे वावरणार?

आम्ही हे वेळेवर विचारले नाही. त्याचीच ही हकिकत.

२०१७ साली आम्ही शाळेतून निवृत्त झालो. हाती चार पैसे आले. आम्ही काय केले? दर्शनी भिंतींना रंग दिला. ओटीवर चकचकीत फरशी घातली. येणारेजाणारे म्हणू लागले, "वा गुरुजी, घर झकास दिसतंय!" आम्हांलाही बरे वाटले. आई तेव्हा ८० वर्षांची होती. ती एकदा म्हणाली होती, "अरे, परसात एक दिवा लाव. रात्री काही दिसत नाही बघ." आम्ही म्हणालो, "लावू गं. काय घाई आहे?"

पुढच्याच पावसाळ्यात एका रात्री आई परसात घसरली. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले. औषधपाणी, गाडीभाडे धरून लाखावर खर्च गेला. आई वाचली, पण तीन महिने खाटेवर होती. रंगाच्या पैशांत दिवा, दांडा आणि खडबडीत वाट, सगळे झाले असते. ही चूक आम्हांला अजून टोचते. तुमच्या घरी ती होऊ नये, म्हणून हे लिहीत आहोत.

वाट चालून पाहा

आई काठी घेऊन चालू लागली. तेव्हा आम्ही वही-पेन्सिल घेऊन रात्री तिच्यामागे चाललो. खाटेपासून संडासापर्यंत. ती कोठे थांबते, कोठे भिंत धरते, ते लिहून घेतले. वहीत अशा अडचणी निघाल्या : अंधार, उंच पायऱ्या, शेवाळलेली वाट, गुळगुळीत न्हाणी आणि संडासातून उठताना धरायला काही नाही.

मग गवंड्याला बोलावले. आम्हांला पायऱ्यांच्या जागी उतार हवा होता. तो म्हणाला, "गुरुजी, एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार लागतो. तुमची ओटी दीड फूट उंच. म्हणजे अठरा फूट झाले. एवढी जागा आहे का?" जागा नव्हती. चढ तीव्र केला तर माणूस उलट घसरतो. म्हणून ९ इंचांच्या दोन पायऱ्या होत्या, तेथे ६ इंचांच्या तीन केल्या. पाऊल पुरते मावेल अशी प्रत्येक पायरी फूटभर रुंद ठेवली.

दांड्याच्या वेळी गवंडी पुन्हा म्हणाला, "मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही. आजींनी ओढलं, तर दांडा भिंतीसकट हातात येईल." म्हणून तेथे जमिनीत लोखंडी खांब पुरला, बुडाशी काँक्रीट भरले आणि त्याला दांडा जोडला. दांड्याची उंची आम्ही ठरवली नाही. आईला उभे केले. कोपर थोडे वाकवून तिचा हात जेथे टेकला, तेथे खडूने खूण केली.

आधी कागद, मग कुदळ

काम सुरू होण्याआधी खर्च मांडला. आमच्या वहीतले पान असे होते :

परसातली वाट, खडबडीत कोबा : ९,००० रुपये
न्हाणीची खडबडीत फरशी : ६,५००
संडासात कमोड, बैठक दीड फूट उंच : ७,५००
पायऱ्या व कठडा : ६,०००
दांडे व खांब : ३,०००
दिवे दोन : १,०००
एकूण : ३३,०००
अडीअडचणीला शिल्लक : ३,०००
सर्व मिळून : ३६,००० रुपये

ही शिल्लक विसरू नका. जुनी भिंत उकरली की आत काय निघेल ते सांगता येत नाही. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील. पण मांडणी अशीच ठेवा.

सगळे एकदम जमत नसेल, तर टप्पे पाडा. दिवा आणि दांडा आधी. वाट, न्हाणी आणि पायऱ्या पावसाळ्यापूर्वी. कमोड त्यानंतर. रंग सर्वांत शेवटी.

शेकडा तीन की शेकडा बारा?

आमच्याजवळ २४,००० रुपये होते. १२,००० कमी पडत होते. गावातला एकजण म्हणाला, "मी देतो. शेकडा तीन." बचतगटात पत्नीला सांगितले, "वर्षाला शेकडा बारा." शेजारी म्हणाले, "तीन स्वस्त की हो!"

येथेच माणूस फसतो. ते तीन दरमहाचे होते. वर्षाचे झाले ३६. बचतगटाचे बारा वर्षाचे होते, म्हणजे महिन्याला एक. आता १२,००० रुपयांचा हिशेब करा. शेकडा तीनने महिन्याचे व्याज ३६० रुपये, वर्षाचे ४,३२०. एवढे भरूनही मुद्दल तसेच उभे. शेकडा एकने महिन्याचे १२०, वर्षाचे १,४४०. शिवाय गटात आम्ही दरमहा मुद्दलातले १,००० फेडत गेलो. मुद्दल उतरले तसे व्याजही उतरले : १२०, ११०, १००, असे शेवटी १० रुपये. बारा महिन्यांत सारे व्याज ७८० रुपये झाले आणि कर्ज फिटले.

म्हणून व्याज ऐकले की लगेच विचारा, "महिन्याचं की वर्षाचं?" हप्ता असा धरा की तो दरमहा येणाऱ्या पैशांतून जाईल, दूध, मजुरी, पेन्शन यांतून. पिकाच्या भरवशावर महिन्याचा हप्ता कबूल करू नका. व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी २०१४ सालचा कायदा आहे. परवाना दाखवा म्हणायला भिऊ नका.

सरकारी मदतीचीही चौकशी करा. २०१६ साली सुरू झालेली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) बेघर आणि कच्च्या घरात राहणाऱ्या कुटुंबांना पक्के घर बांधण्यासाठी आहे. पक्क्या घराची डागडुजी तिच्यात बसत नाही. आपल्याला काय लागू पडते, ते ग्रामपंचायतीच्या कचेरीत जाऊन विचारा. मधल्या माणसाच्या हाती पैसे देऊ नका.

आणखी एक. आता तुम्ही अंगठा उठवत नाही, सही करता. ती सही जपा. कोऱ्या कागदावर कधी करू नका. आधी वाचा, रक्कम पाहा, मग सही करा. गवंड्याला पैसे दिले की तारीख घालून वहीत लिहा आणि त्याची सही घ्या. हप्ता भरला की पावती घ्या.

दांडा बसवला त्या दिवशी आई रुसली. म्हणाली, "हे कशाला? लोक म्हणतील, म्हातारी पांगळी झाली." आम्ही म्हणालो, "आई, हा तुझ्या एकटीसाठी नाही. आमचेही गुडघे दुखतात." आई हसली आणि तिने दांडा धरला. आम्ही खोटे बोललो नव्हतो. आज रात्री उठलो की आमचाही हात आधी त्या दांड्यावरच जातो.

प्रश्न
१. दांड्याची उंची कशी ठरवली?
२. "शेकडा दोन दरमहा" म्हणजे वर्षाचे शेकडा किती?
३. ५,००० रुपयांवर शेकडा तीन दरमहाने एका महिन्याचे व्याज किती होईल?

करून पाहा
आज रात्री घरातल्या वडीलधाऱ्या माणसामागे खाटेपासून संडासापर्यंत चाला. जेथे ते थांबतील, ती जागा वहीत लिहा.