मुंबई ते लंडन : पल्ला किती, वेळ किती?

आपण निमोण्याहून पुण्याला जातो तेव्हा वेळेचा हिशोब कसा करतो? गाडी सकाळी 7 ला सुटली आणि 9.30 ला पोचली, म्हणजे अडीच तास लागले. हिशोब सोपा आहे. पण परदेशच्या विमानाला हाच हिशोब लावला तर फसगत होते. ती कशी, ते पाहू या.

मुंबई ते लंडन हा हवाई पल्ला सुमारे 7,200 किलोमीटरचा आहे. 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. वाटेत ते कैरो आणि जिनिव्हा येथे उतरले. 10 जूनला ते लंडनला पोचले. आजचे विमान वाटेत कुठेही न थांबता सुमारे 10 तासांत तिथे जाते.

येताना मात्र सुमारे 9 तासच लागतात. असं का? उंचावर जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीवर असतो. समोरून वारा असला की सायकल जड जाते ना? तसंच हे.

आता घड्याळाकडे वळू. सूर्य पूर्वेला आधी उगवतो. आपण लंडनच्या पूर्वेला आहोत. म्हणून आपले घड्याळ पुढे असते. हिवाळ्यात ते साडेपाच तास पुढे असते. उन्हाळ्यात लंडनचे लोक आपले घड्याळ एक तास पुढे करतात. तेव्हा फरक साडेचार तासांचा राहतो.

समजा, गावातली एक मुलगी शिकायला लंडनला निघाली. महिना जानेवारीचा. तिकिटावर लिहिले आहे : मुंबईहून दुपारी 2, लंडनला संध्याकाळी 6.30. घरच्यांना वाटते, साडेचार तासांचा प्रवास. साडेसहापासून सगळे फोनकडे डोळे लावून बसतात. सात वाजतात, आठ वाजतात. फोन येत नाही. आईच्या घशाखाली घास उतरत नाही. पण विमान तर अजून वाटेतच आहे! तिकिटावरचे 6.30 हे लंडनच्या घड्याळाचे आहेत. तेव्हा निमोण्यात रात्रीचे 12 वाजलेले असतात.

हे ध्यानात ठेवा. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते. पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची असते.

आणखी एक गोष्ट. आपला दिवस उजाडल्यावर सुरू होतो. तिकिटाचा दिवस मध्यरात्री सुरू होतो. तिकिटावर ‘10 तारीख, 00.30’ असे असेल, तर विमान 9 तारखेची रात्र सरताना, साडेबाराला सुटते. विमानतळावर तीन तास आधी पोचायचे असते. मुंबईचा रस्ता लांबचा, वाटेत वाघोलीची गर्दी. म्हणून 9 तारखेला दुपारीच गाव सोडावे. 10 तारखेच्या रात्री जो जाईल, त्याचे विमान आदल्या रात्रीच गेलेले असेल.

हिशोब करा

जानेवारीत एक विमान लंडनहून रात्री 9 ला सुटले. प्रवास 9 तासांचा. मुंबईत ते किती वाजता पोचेल?

(उत्तर : दुसऱ्या दिवशी सकाळी 11.30 ला.)