निळा पडदा, काळा पडदा

सुटे भाग आणून घरी जोडलेला गेमिंग पीसी खेळता खेळता बंद पडू लागला, की ओळखीतला प्रत्येक माणूस डॉक्टर होतो. "फॉर्मॅट मार," हा पहिला सल्ला. "एसएमपीएस हलका असणार," हा दुसरा. तिसरा तर पीसी न बघताच ग्राफिक्स कार्ड गेल्याचं जाहीर करतो. गंमत अशी, की यातला एखादा सल्ला बरोबरही असतो, तो आपण अमलातही आणतो, आणि तरीही पीसी बंद पडतच राहतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं.

पीसी असा होता: रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर, ३२० वॉट खाणारं ग्राफिक्स कार्ड, जुन्या पीसीतून काढलेला ६५० वॉटचा एसएमपीएस आणि डीडीआर४ रॅमच्या ३६०० च्या चार पट्ट्या. पट्ट्या दोन वेळा मिळून घेतलेल्या. आधी दोन, मग बोनस झाल्यावर त्याच मॉडेलच्या आणखी दोन. भाग बहुतेक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आले, जोडणी नाशिकला घरीच, भाच्याच्या मदतीने.

जड गेम लावला की पीसी धाडकन रीस्टार्ट व्हायचा. मधूनच निळा पडदाही यायचा, तोही कधी कधी नुसता ब्राउझर उघडा असताना. भाच्याचं निदान तयार होतं, "मामा, कार्डच गेलंय." दुकानदार फोनवर म्हणाला, "साहेब, विंडोज नवीन मारून बघा, नव्वद टक्के त्यातच असतं." (हे नव्वद टक्के कोण मोजतं, देव जाणे.) विंडोज नवीन टाकलं, काही फरक नाही. रॅमचा वेग उतरवला, तरी गेममध्ये रीस्टार्ट झालाच, म्हणून वेग परत चढवला. कार्डाची केबल बदलली, तर दुसऱ्या दिवशी निळा पडदा आला, म्हणजे केबलचा संबंध नाही असं ठरलं. कार्ड वॉरंटीत पाठवलं, ते "दोष नाही" असा शेरा घेऊन परत आलं.

पुढे उलगडलं ते असं, की पीसीला एक नव्हे, दोन दुखणी होती. रॅमवरचा इलाज बरोबर होता, केबलवरचाही बरोबर होता. पण एकाचा इलाज केला की दुसरं दुखणं डोकं वर काढायचं आणि आधीचा बरोबर इलाज चुकीचा ठरवून आम्ही तो उलटवायचो. म्हणून माझं पहिलं सांगणं: पीसीला हात लावण्याआधी तो नेमका कसा बंद पडतो ते लिहून काढा. "क्रॅश होतो" एवढं पुरेसं नाही.

निळा पडदा आला, म्हणजे विंडोजला गडबड कळली आणि त्याने स्वतःहून काम थांबवलं. कसलीही सूचना न देता एका क्षणात सगळं काळं झालं, तर विंडोजला काही कळायच्या आतच वीज तुटली. स्क्रीन काळी पण आवाज चालू, किंवा चित्र क्षणभर गोठून परत आलं, तर नजर ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्या ड्रायव्हरकडे वळवा. कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करतं. आणि फक्त गेमच बंद होऊन डेस्कटॉप दिसत असेल, तर गेमच्या फाइली तपासण्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.

निळा पडदा वाचायला वेळ मिळावा म्हणून सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक रीस्टार्टची खूण काढून टाका. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' ही लाल नोंद दिसली की लोक घाबरून एसएमपीएस बदलायला धावतात. त्या नोंदीचा अर्थ फक्त एवढाच, की मागच्या वेळी पीसी रीतसर बंद झाला नव्हता. कामाची गोष्ट तिच्या तपशिलात असते. तिथे बगचेक कोड शून्य असेल, तर निळ्या पडद्याची नोंदच झालेली नाही आणि विजेचा संशय बळावतो. कोड शून्य नसेल, तर वाट वेगळी.

आमच्या निळ्या पडद्यावरचा संदेश दर वेळी नवा असायचा. आज मेमरी मॅनेजमेंट, उद्या आणखी काही. कोड असे बदलत राहिले की मी आधी रॅम तपासेन. 'मेमटेस्ट८६प्लस' फुकट मिळतं. ते पेनड्राइव्हवर टाकून पीसी त्यावरून सुरू करायचा आणि रात्रभर चालू ठेवायचा. एक जरी लाल ओळ आली तरी नापास. इथे 'थोड्याशा चुका' नावाचा प्रकार नसतो.

आमची प्रत्येक पट्टी एकटी असताना पास झाली. चारही एकत्र, ३६०० वर, नापास. ३२०० वर पुन्हा स्वच्छ. म्हणजे पट्टी एकही खराब नव्हती. रॅमवर छापलेला वेग ही पट्टीची कुवत असते. तिला तितक्या वेगाने हाकणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात असतो, आणि चार पट्ट्यांचं ओझं त्याला दोनपेक्षा फार जड जातं. पुढच्या रायझन ७००० मालिकेत तर डीडीआर५ च्या दोन पट्ट्यांसाठी एएमडीचा अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. रॅम छापील वेगाने चालवण्यासाठी बायोसमधलं एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करणं हे एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच. बहुतेकांचं ते बिनबोभाट चालतं, म्हणून कोणी त्याला तसं म्हणत नाही. शक्य असेल तर हवी तेवढी रॅम एकाच पाकिटातल्या दोन पट्ट्यांत घ्या. चार स्लॉट असतील, तर त्या सहसा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात.

मग उरला काळा पडदा. इथे एक बिनपैशाची युक्ती सांगतो. 'आफ्टरबर्नर'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम, तीच जागा खेळून बघा. बंद पडणं थांबलं, तर बोट वीजपुरवठ्याकडे जातं. आमचं थांबलं. कार्डाला दोन ८ पिनी जोडण्या होत्या आणि दोन्ही एकाच केबलच्या दुहेरी टोकांना लावलेल्या. दोन स्वतंत्र केबल लावल्यावर रीस्टार्ट कमी झाले, पण संपले नाहीत. मित्राचा ८५० वॉटचा एसएमपीएस उसना आणून लावला, तेव्हा संपले.

६५० वॉट हिशेबात पुरत होते, मग अडलं कुठे? कार्डाचे ३२० वॉट ही सरासरी झाली. सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरतं ते जवळजवळ दुप्पट ओढू शकतं, आणि जुना एसएमपीएस तो झटका बघून स्वतःला वाचवायला मान टाकतो. मल्टिमीटरवर १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका, हा झटका मीटरला दिसतच नाही. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात मोठ्या एसएमपीएसने क्षणभर, म्हणजे १०० मायक्रोसेकंद, दुप्पट भार सोसावा अशी अट घातली गेली, ती यामुळेच. एसएमपीएस बदलताना जुन्याच्या केबल नव्याला लावू नका. टोकं तशीच दिसतात, आतली तारांची मांडणी वेगळी असू शकते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की एसएसडी जागच्या जागी संपते.

भिंतीकडेही एकदा बघा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, असला पीसी त्याच्या आवाक्याबाहेर आहे. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल, तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना ते पाहा. साध्या मोडमध्ये बदल इतका सावकाश होतो, की दिवे लुकलुकतात आणि पीसी झोपतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर पीसी राहू द्या, आधी वायरमन बोलावून अर्थिंग दाखवा.

गरमीला मात्र लोक उगाच जास्त दोष देतात. आजचे प्रोसेसर तापले की आधी वेग कमी करतात, बंद पडणं ही शेवटची पायरी.

आणि स्क्रीनवरच्या संदेशावर फार विश्वास ठेवू नका. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना अस्थिरतेचा दोष होता. अनेक गेममध्ये तो 'व्हिडिओ मेमरी संपली' अशा संदेशाच्या रूपाने दिसायचा, आणि लोक धडधाकट ग्राफिक्स कार्डांवर संशय घेत बसायचे. कंपनीने २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यावर मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तो मायक्रोकोड बायोस अपडेटमधून येतो आणि आधीच बिघडलेला प्रोसेसर त्याने दुरुस्त होत नाही. असा प्रोसेसर असेल तर तपासाची सुरुवात तिथूनच करा.

वॉरंटीला भाग पाठवताना नुसतं "बंद पडतो" लिहिलंत, तर काउंटरवर पाच मिनिटं चालवून "ओके आहे" म्हणून परत देतील. कोणता गेम, कोणती सेटिंग, किती वेळाने, हे कागदावर लिहून द्या. लाल ओळींचा फोटो आणि बंद पडतानाचा व्हिडिओ सोबत असू द्या. सिरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो भाग कॅबिनेटमध्ये बसवण्याआधीच काढून ठेवा, कारण नंतर ते स्टिकर नेमकं भिंतीकडच्या बाजूला जातं.